तुम्ही विचारलेत म्हणून : “माझी प्रकृती कोणती?”

माझ्या आयुर्वेदाच्या दवाखान्यात रुग्ण खुर्चीवर टेकतो, नाडीसाठी हात पुढे करतो आणि मी मनगटावर बोटे ठेवते न ठेवते तोच विचारतो, “मॅडम, माझी प्रकृती कोणती हो?” अलीकडे या प्रश्नाला एक पुरवणीही असते : “मोबाइलवरच्या प्रश्नावलीत वात-पित्त आली होती, ती बरोबर आहे का?” दोन्हींचे उत्तर मी त्या बैठकीत देत नाही. का देत नाही, ते एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

पहिली अडचण आपल्या भाषेचीच आहे. मराठीत ‘प्रकृती कशी आहे?’ असे आपण विचारतो ते तब्येतीविषयी; ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी आंबट आले, ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर गांधी आल्या, आणि ‘वात आहे’ म्हणजे बहुधा गुडघे धरले आहेत. त्यामुळे ‘तुम्ही पित्तप्रकृतीचे आहात’ असे म्हटले की समोरचा लगेच सांगू लागतो, “हो ना, जागरण झाले की माझे डोके चढते आणि उलटी झाल्याशिवाय उतरत नाही.” तो सांगतो ते खरेच असते, पण ते दुखणे झाले. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे गर्भधारणेच्या वेळी वात, पित्त, कफ या देह चालवणाऱ्या तीन तत्त्वांपैकी, म्हणजे दोषांपैकी, ज्याचे प्राबल्य असते त्यानुसार ठरलेली देहमनाची घडण, आणि ती जन्मभर तीच राहते. या तिघांच्या एकेकट्या तीन, दोन-दोन मिळून तीन आणि तिन्ही सम असलेली एक, अशा सात प्रकृती ग्रंथांत सांगितल्या आहेत. जुन्या ग्रंथकारांपैकी सुश्रुत म्हणतो की विषात जन्मलेला किडा जसा त्या विषाने मरत नाही, तशी माणसाला त्याची प्रकृती बाधत नाही. चरक मात्र समप्रकृतीची माणसे सोडून बाकीच्यांना ‘सदातुर’, म्हणजे कायमचे आजारीच म्हणतो. इतकी वर्षे रुग्ण पाहून मला सुश्रुताचे म्हणणे अधिक पटते, हे माझे मत.

प्रकृतीच्या परीक्षेची रीत चरकाने आपल्या संहितेतल्या ‘विमानस्थान’ या विभागाच्या 8व्या अध्यायात दिली आहे, आणि तिच्यात एक साधे तर्कशास्त्र आहे : आधी दोषाचे गुण घ्यायचे आणि प्रत्येक गुण देहात कुठे उमटला आहे ते शोधायचे. वात रूक्ष, म्हणून त्वचा व केस कोरडे. चल, म्हणून हात, भुवया, नजर सतत हलती. शीघ्र, म्हणून राग, भीती, आवड सारे चटकन, आणि ऐकलेले चटकन कळते तसे विसरतेही चटकन. पित्त उष्ण, म्हणून घाम भरपूर, तहान मोठी, आणि केस लवकर पिकतात किंवा जातात. कफ मंद आणि स्थिर, म्हणून चाल सावकाश, बोलणे बेताचे.

पण माणूस ग्रंथातल्या वाक्यासारखा समोर येत नाही, त्याला पाहावे लागते. म्हणून तो दाराशी चप्पल कशी काढतो, तपासणीच्या टेबलावर चढताना सांधे वाजतात का, तळहात कोरडा आहे की ओलसर, नखे खरखरीत आहेत की गुळगुळीत, हे मी तो बोलत असतानाच टिपते. माझा सर्वांत उपयोगी प्रश्न मात्र अगदी घरगुती आहे : जेवायला तासभर उशीर झाला तर काय होते? पित्ताचा माणूस स्वतः उत्तर देण्याआधी त्याची बायको हसते. कफाचा म्हणतो, “काही नाही, नंतर जेवतो.” वाताचा विचारात पडतो, कारण त्याला कधी चालते आणि कधी मुळीच चालत नाही. तीक्ष्ण, मंद आणि विषम अग्नी (म्हणजे पचनशक्ती) हे शब्द याच तीन उत्तरांसाठी आहेत. त्यानंतर कोठ्याचा प्रश्न : दुधाने पोट साफ होते, की दूध पिऊनही काहीच होत नाही?

एवढे करूनही मी चुकले आहे. पस्तिशीचे एक शिक्षक आले होते. अंग सडपातळ, तळहात ओले, बोलणे भरभर, भूक खवळलेली, झोप तुटक. मी बिनदिक्कत ‘वातपित्त’ लिहिले आणि त्या धोरणाने औषध दिले. वजन उतरतच राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या आई सोबत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा असा नव्हताच. कॉलेजला असताना याला उठवायला तोंडावर पाणी मारायला लागायचे, आणि एक चपाती खायला अर्धा तास.” नुसते गुबगुबीत बाळपण सांगितले असते तर मी ते बाजूला ठेवले असते, कारण बालवय कफाचेच असते, पण विसाव्या वर्षीही तसेच, हे वेगळे होते. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ग्रंथी जास्त काम करत होती, आणि मी त्यांना त्या विषयाच्या डॉक्टरांकडे पाठवले. वर्षभराने आले तेव्हा सावकाश बोलणारे, भरल्या अंगाचे, कफप्रधान गृहस्थ समोर बसले होते. मी मोजली होती ती प्रकृती नव्हे, विकृती, म्हणजे आजाराने झालेला बिघाड.

मोबाइलवरच्या प्रश्नावलीची खोच नेमकी इथे आहे. सरकारच्या ‘देश का प्रकृती परीक्षण’ मोहिमेत 2024च्या अखेरीस एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली, आणि या निमित्ताने घराघरांत हा शब्द पोचला याचा मला आनंदच आहे; परंतु माणूस उत्तरे देतो ती आजच्या अंगावरून, गेल्या महिन्यातल्या झोपेवरून. प्रकृती जनुकांत सापडते का, यावरही काम झाले आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 3,416 निरोगी पुरुष तपासून, एकाच दोषाचे स्पष्ट प्राबल्य असलेल्यांतून 262 जणांचे जनुकीय विश्लेषण केले आणि काही फरक प्रकृतीशी जुळताना दिसले. मला तो रस घेऊन वाचण्यासारखा वाटतो, पण त्यावरून कोणाची प्रकृती रक्त काढून सांगता येईल असे नव्हे. शिवाय दोन वैद्यांनी एकाच माणसाची प्रकृती वेगवेगळी सांगणे आमच्यात घडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा विचारायला अवश्य या, पण ताप, बाळंतपण किंवा परीक्षेचे जागरण ताजे असताना नको. सकाळी या, नखांना रंग आणि केसांना कलप न लावता. आणि आईला, नाहीतर थोरल्या बहिणीला सोबत आणा. मी निम्मे प्रश्न त्यांनाच विचारणार आहे.