लिनॅकवर रेडिएशन घेताना

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं, की पहिलं काम मास्कचं. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात आणि ओली, कोमट असतानाच चेहऱ्यापासून खांद्यांपर्यंत ताणून बसवतात. काही मिनिटांत ती आवळत कडक होते. नाक, भुवया, हनुवटी जशीच्या तशी उमटते. मग तोच मास्क लावून सीटी स्कॅन आणि त्यावरून प्लॅनिंग. प्लॅन तयार होईपर्यंत वाट पाहण्यात माझी नुसती चिडचिड झाली. किरणांचं गणित मांडणाऱ्या फिजिसिस्टनी स्क्रीनवर प्लॅन दाखवला, मज्जारज्जू आणि लाळग्रंथी वाचवायला किती खटाटोप केलाय ते दिसलं, तेव्हा वेळ कुठे गेला ते कळलं.

मशीनबद्दलही त्यांनाच खोदून खोदून विचारलं. लिनॅक म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, रेडिएशन देणारं मशीन. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ नसतोच. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तांब्याच्या पोकळ्यांच्या नळीत शिरतात. तिथे सोडलेल्या सुमारे ३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह त्यांना रेटत नेतात. ६ एमव्हीच्या, म्हणजे ६० लाख व्होल्टच्या मशीनमध्ये ही नळी जेमतेम फूट-दीड फुटाची, पण तेवढ्यात वेग प्रकाशाच्या ९९ टक्क्यांच्या वर जातो. पुढे इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि एक्स-रे निघतात. वीज बंद केली की किरण बंद. अंगात काहीच उरत नाही, म्हणून घरी मुलांना जवळ घ्यायला हरकत नव्हती. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच.

रोजचा बहुतेक वेळ किरणांत जात नाही, नेम धरण्यात जातो. मास्क टेबलाला खटाखट अडकवायचा, त्यावरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवायच्या, मग मशीनवरच स्कॅन करून टेबल मिलिमीटरच्या हिशोबाने सरकवायचं. "हलायचं नाही हं, झालंच," म्हणून मशीन चालवणाऱ्या ताई बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं. मास्कच्या भोकांतून वर पाहिलं तर मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या मागेपुढे सरकताना दिसायच्या. गाठीचा आकार जसा, तशी फट. मशीन भोवती फिरतं, घरघरतं, जाणवत मात्र काहीच नाही.

एकदा मधेच बंद पडलं आणि बाहेर ताटकळावं लागलं. डोस मोजायला आत दोन स्वतंत्र आयन चेंबर असतात. त्यांच्या आकड्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, की मशीन स्वतःच थांबतं. शंका आल्यावर थांबणारं मशीन मला तरी चालतं.

त्रास हळूहळू सुरू झाला. तोंड कोरडं, चव गेली, मानेची कातडी काळवंडली. वजन घटून मास्क फार सैल झाला तर नवा करतात, म्हणून खाण्यावर सगळ्यांचं लक्ष. गिळताना दुखणं तर शेवटच्या सेशननंतरही काही दिवस वाढतच गेलं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही. दुखण्याच्या गोळ्या आणि पातळ खाणं चालू ठेवलं.