आमची वाटचाल: धोट्यापासून दाढीच्या ब्रशापर्यंत

वडिलांचे आठ साधे माग भंगारात गेले, तेव्हा लोखंड किलोवर मोजून नेलं आणि लाकूड दारातच ओतून ठेवलं. आडवं सूत घेऊन उभ्या सुतांमधून, म्हणजे ताण्यातून, धावणारे धोटे, सुताच्या कांड्या, ताण्याची मोठी रिळं. भंगारवाला म्हणाला, "राहू द्या, बंबाला होतील." आठवडाभर आम्ही खरोखरच धोटे जाळून आंघोळीचं पाणी तापवलं. मग एका सकाळी बंबात घालायला उचललेला एक धोटा हातातून सुटेना. ताण्याच्या सुतावरून धावून धावून त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तो तेवढा बाजूला ठेवला. आमचा धंदा त्या एका धोट्यावर उभा आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला. तेव्हापासून हे गाव धोट्याच्या खडखडाटात झोपलं आणि उठलं. रॅपिअर आणि एअरजेट हे नवे माग आले, त्यांना धोटा लागतच नाही. कारखान्या-कारखान्यांतून धोट्यांची पोती बाहेर पडली आणि जळणात गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

धोट्याच्या लाकडाची मूठ लावून दाढीचा ब्रश करायची कल्पना माझी, पण हात कातारी काकांचा. काका लाटणी आणि पाळण्याचे खांब करायचे. त्यांच्या पटाश्या जुन्या कानशींच्या आहेत, चुलीत तापवून नरम केलेल्या, मग घासून धार लावलेल्या. मी नव्या आणून दिल्या होत्या, त्या खोक्यातच आहेत. धोट्याच्या एका टोकाला सूत बाहेर यायचा डोळा असतो, त्यामुळे भरीव लाकूड दुसऱ्या टोकालाच मिळतं. म्हणजे एका धोट्यातून मूठ एकच. पोलादी टोक आधी उपटायचं, नाहीतर पटाशी गेलीच. २० मिमीच्या नॉटला, म्हणजे ब्रशाच्या केसांच्या झुबक्याला, २१ मिमीचं भोक, खोली १३. रिळाच्या लाकडात २४ ची नॉट आरामात बसते, धोट्यात तो हट्ट करू नये, भिंत पातळ राहते आणि पाण्याने चिरते.

नॉट आम्ही सिंथेटिकच लावतो. आमच्याकडे गिऱ्हाइकांत जैन घरं पुष्कळ, मुसलमानही. डुकराच्या केसांचा ब्रश त्यांच्या गालाला कसा लावणार? एकाने घोड्याच्या शेपटीचे केस स्वस्तात आणून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून माणसांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग झाला होता, आणि १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांची आयातच बंद केली. ज्याला केस नीट निर्जंतुक करायची सोय नाही त्याने केसांच्या वाटेला जाऊ नये.

पहिला ब्रश घेतला गावभागातल्या सलूनवाल्या मामांनी. फुकट देत होतो, त्यांनी पैसे मोजून हातात ठेवले. आपल्या घरी ब्रश वर्षभरात जितका झिजत नाही तितका त्यांच्या दुकानात महिन्यात झिजतो. "बाळ, केस लांब झाले, फेस गालावर न येता मनगटावर येतोय," हे त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून नॉट थोडी आत बसवतो.

पुढची काही वर्षं बरी गेली.

२०२० मध्ये सलूनं बंद झाली आणि पुरुष घरी दाढी करायला लागले. आमच्याकडे एकदम तीनशे ब्रशांची मागणी आली, पुण्याच्या एका दुकानातून, निम्मे पैसे आधी. मी हुरळलो. काका म्हणत होते, नॉट चिकटवायला चोवीस तास सुकणारं इपॉक्सी वापर. मी पाच मिनिटांचं वापरलं. धोट्याचं लाकूड वर्षानुवर्षं तेल प्यालेलं असतं, हे मला माहीत होतं, तरी भोक थिनरने पुसायचंही सोडून दिलं. सलूनं उघडल्यावर एका दुपारी मामा दुकान टाकून घरी आले. रुमालात गुंडाळलेला ब्रश होता, मूठ वेगळी, नॉट वेगळी. गिऱ्हाइकाच्या गालावरच सुटली होती. चार लोकांत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर पुण्याहून खोकी यायला लागली. तीनशेतले एकशे बारा परत. सगळ्यांचे पैसे दिले, आईची पाटली त्यात गेली.

याच वेळी शहरातल्या एका व्यापाऱ्याने, ज्याने आमच्याकडून चाळीस ब्रश नमुन्याला म्हणून नेले होते, नवं लाकूड कातून घेतलं, चहाच्या पाण्यात काळवलं आणि 'गिरणीचा अस्सल धोटा' म्हणून आमच्यापेक्षा कमी भावात विकायला काढलं. तेवढ्यावर थांबला नाही. "इचलकरंजीचे ब्रश सुटतात," असं दुकानादुकानांत सांगत फिरला. आमची चूक होती, ती मी पैसे मोजून फेडली. पण ज्या लाकडाने कधी एक वार कापड विणलं नाही, त्याला धोटा म्हणून विकणं ही चूक नव्हे, ती लबाडी. खरा धोटा बुडाशी ओळखावा. पोलादी टोक उपटल्याचं भोक तिथे असतंच. आम्ही ते पितळेने बुजवतो, लपवत नाही.

परत आलेले एकशे बारा काका आणि मी पुन्हा केले. भोकाच्या आत आडव्या खाचा पाडल्या, थिनरने तीनदा पुसलं, पातळ इपॉक्सीचा एक हात आधी पाजला, मग नॉट. शेवटी पारखायला प्रत्येक ब्रश दोन दिवस पाण्यात. आता हीच रीत. धंद्यात नव्याने पडणाऱ्यांना सांगतो, आगाऊ रक्कम मोठी आली की त्या दिवशी काम बंद ठेवा आणि उद्या सुरू करा. ब्रश घेणाऱ्यांनीही मूठ रात्रभर मगात बुडवून ठेवू नये. सिंथेटिकला दहा सेकंद कोमट पाणी पुरतं.

आता लोक घरातल्या वस्तू पाठवतात. आजीचं लाटणं, पलंगाचा खूर, एकाने वडिलांच्या बॅटचा दांडा पाठवला. मामांच्या दुकानात अजून तीच पहिली मूठ आहे, नॉट तिसरी.

गेल्या दिवाळीत त्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्याची गिऱ्हाइकं बुडाला भोक बघायला लागली होती. खरे धोटे पोत्याने हवे होते, भाव तो म्हणेल तो नाही, मी म्हणेन तो. मी सांगितलं, लाकूड विकत नाही, ब्रश हवे असतील तर ब्रशाचा भाव फलकावर लिहिलाय.