फिट, अनफिट आणि तिसरी ओळ

मेट्रनच्या ऑफिसातून आलेल्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या: फिट आणि अनफिट. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घ्यायची आणि एका चौकटीत टिक करायची, एवढीच माझ्याकडून अपेक्षा. गोष्ट २०२३च्या पावसाळ्यातली.

ज्यांच्यासाठी फॉर्म आला होता त्या सिस्टर बेचाळीस वर्षांच्या, मेडिसिन वॉर्डात. दीड वर्षापासून थकवा, धडधड, डोक्यात धुकं. फाइल हातभर जाड: हिमोग्लोबिन, थायरॉइड, एक्स-रे, टूडी एको, सगळं नॉर्मल. मधेच एका चिठ्ठीवर कुणीतरी ‘टेन्शन कमी करा’ असं लिहून ठेवलेलं. (पुरुष पेशंटच्या फायलीत ही ओळ मला फारशी दिसत नाही.)

चालण्याची चाचणीही आधी एकदा झालेली होती. ४९० मीटर, ऑक्सिजन ९७ वरून ९६. उत्तम.

“मॅडम, चालायला मला येतंच,” सिस्टर म्हणाल्या. “पूर्वी ड्यूटीला यायच्या आधी पर्वती चढून यायचे मी. आता चालल्यावर त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशी होतं. आणि ते बघायला कोणी नसतं.”

त्यांनी मोबाइल काढला. सगळ्याच सिस्टर ड्यूटी लिस्टचा फोटो काढून ठेवतात, तसा त्यांच्याकडे महिन्यामहिन्याचा होता. बोटांनी मोठा करून त्यांनी आपली ओळ दाखवली. त्या चाचणीच्या तारखेला मॉर्निंग. पुढच्या दोन दिवसांना लाल पेनाने सिक लीव्ह. आणखी मागे गेलो. लिफ्ट बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावर खेपा घातल्या, दुसऱ्या दिवशी लाल. दोन नाइट लागोपाठ, मग लाल. “दात घासायला हात उचलत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि घरी सगळ्यांना वाटतं, बाई झोपूनच असते.”

चालण्याची चाचणी मी त्या दिवशी घेतलीच नाही. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस असा कोसळत असेल, तर ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा आमच्या धंद्यातला लाडका सल्ला उलटतो.

त्याऐवजी त्यांना पलंगावर आडवं केलं. पाच मिनिटांनी नाडी ७४, बीपी ११८/७६. मग उभं केलं, भिंतीला खांदे टेकवून, आणि दर मिनिटाला मोजत गेले. तिसऱ्या मिनिटाला ९८. पाचव्याला त्या बोलायच्या थांबल्या. सातव्याला पायांकडे पाहिलं तर घोट्यांपासून खाली जांभळट रंग उतरलेला. दहाव्या मिनिटाला नाडी ११६, बीपी जवळपास होतं तेवढंच. बीपी न पडता, उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढली आणि ती वाढलेलीच राहिली, की ‘पॉट्स’चा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी नको इतकी धावण्याच्या आजाराचा, संशय घ्यायचा. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासात, हे बरेचदा दिसतं. यांची वाढली ४२. एको, ईसीजी, सगळं आडवं झोपवून केलेलं, आणि नर्सची नोकरी उभ्याने.

त्या बसून पाणी पीत असताना मी बाकीचं विचारून घेतलं. लहानपणापासून दमा. पहिला कोविड सप्टेंबर २०२० मध्ये, सीओईपीच्या मैदानावर जम्बो रुग्णालय सुरू झालं होतं त्या दिवसांत, कोविड वॉर्डातच. जानेवारी २०२१ मध्ये लस सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत त्यांनी घेतली. दुसरा कोविड जानेवारी २०२२ मध्ये, ओमिक्रॉनच्या लाटेत. सात दिवसांनी हजर, कारण निम्मा वॉर्डच पॉझिटिव्ह. आल्या त्या थेट डबल ड्यूटीवर. बाई असणं, चाळिशी, दमा, पुन्हा झालेला संसर्ग: लाँग कोविडचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी इतक्या एकाच माणसात. लसीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. “पण मला साधा ताप होता, ॲडमिटसुद्धा नव्हते,” त्या म्हणाल्या. गंभीर आजारात धोका जास्त, हे खरं. पण कोविड झालेल्यांत सौम्यवालेच इतके जास्त, की लाँग कोविडचे बहुतेक पेशंट रुग्णालयात कधी दाखलच झालेले नसतात. आणि पुन्हा पुन्हा संसर्ग कोणाला होणार? जो रोज खोकणाऱ्याच्या तोंडासमोर उभा असतो त्यालाच.

फिजिशियन सरांना फोन केला. त्यांनी स्वतः पुन्हा उभं करून पाहिलं, मग मीठ-पाणी वाढवणं, पायांना घट्ट मोजे आणि हृदयाचा वेग आवरणारी गोळी सुरू केली.

फॉर्मवर मी दोन्ही चौकटी सोडल्या आणि खाली तिसरी ओळ लिहिली: नाइट नको, बसून करायचं काम, मधे मधे आडवं होण्याची सोय, तीन महिन्यांनी फेरतपासणी. दुपारी एचआरमधून फोन आला. “मॅडम, ४९० मीटर चालणारी बाई फिट नाही कशी? आणि तुम्ही तर चाचणीच घेतली नाही.” मी नाडीचा तक्ता आणि ड्यूटी लिस्टचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. तक्त्यावर ते काही बोलले नाहीत. लाल पेनाचे दिवस मात्र त्यांनी स्वतः मोजून पाहिले असावेत, कारण पुढचा फोन थेट मेट्रनचा आला.

ओपीडीतली बसून करायची ड्यूटी मिळाली. नाइटबद्दल उत्तर होतं, “स्टाफ मिळाला तर बघू.”