घेई छंद, दोन चालींत

4 नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

आज नाटकाच्या तालमीत मी चाल लावलेलं पहिलंवहिलं गाणं पडलं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसऱ्या अंतऱ्यात मी रंगात येऊन शिरतोय तोच दिग्दर्शकाने हात वर केला. "एवढा वेळ ती तिथे उभी राहून काय करणार?"

पेटीवरून मान वर करून पाहिलं. आमची नायिका खरंच नुसती उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडून झालं होतं, खिडकीकडे बघून झालं होतं, आता ती समईकडे बघत होती. आणि समई अजून आलेलीच नाही, तिच्या जागी सध्या एक प्लॅस्टिकचं स्टूल आहे. गाणं सव्वापाच मिनिटांचं. मी मोजलं नव्हतं, त्याने मोबाइलवर मोजलं होतं.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाजवतोय. नांदीला सूर धरायचा, नट घसरला तर भाता जरा जोरात मारायचा, ओळ विसरला तर बोटांनी आठवण करून द्यायची. यंदा पहिल्यांदाच "चाली तूच लाव" म्हणाले. गाणी तीनच: नायिकेचं, नायकाचं आणि दिवाणाचं. दिवाण म्हणजे आमचा खलनायक, संस्थान गिळायला बसलेला.

नायिकेचा आवाज गोड आहे, पण तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या पुढे गेला की चिरकतो. मी तिला त्याच्याही वर, तार पंचमापर्यंत नेलं होतं, कारण मला तिथे जायला आवडतं. पेटीवर काय, बोट सरकवलं की पोचलो. तिला गळ्याने जायचंय.

जेवण नीट गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, गाणं पडलंय, नाटक नाही." खरं आहे. पण दिवाणाचं गाणं तरी झकास जमलंय, त्याला सगळे हसले, या विचारावर झोपतो.

7 नोव्हेंबर

गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांचा स्मृतिदिन. 1998 साली याच तारखेला ते गेले. दुपारी त्यांची नाटकांतली गाणी लावून बसलो, हातात घड्याळ घेऊन. गाणं ऐकताना घड्याळ बघणं हे पाप आहे, पण सव्वापाच मिनिटं डोक्यातून जात नव्हती. पाचव्या गाण्याला लक्षात आलं की रेकॉर्डवर सगळीच गाणी साडेतीन-चार मिनिटांच्या आतबाहेर असतात, मग ती कुणाचीही असोत. तबकडीचीच मर्यादा ती. घड्याळ बाजूला ठेवलं आणि वेगळा खेळ सुरू केला: या चालीतून काय काढून टाकता येईल? एखादी हरकत, एखादी पुनरावृत्ती? बऱ्याच गाण्यांत मला काहीच काढता आलं नाही.

ही मोजकं तेवढंच ठेवायची सवय बुवांना कुठून लागली असेल? जन्म 1929 चा, गोव्यातल्या मंगेशीचा. मूळ आडनाव नवाथे, देवळात अभिषेक करणारं घराणं म्हणून अभिषेकी. वडील बाळूबुवा कीर्तनकार. माझा अंदाज असा की मुळात हे कीर्तनातून आलं. कीर्तनकार चांगला गवई असला तरी आख्यान सोडून गात बसत नाही. द्रौपदी सभेत उभी असताना बुवा आलाप करत बसले तर श्रोते चपला शोधायला लागतील. पद गायचं ते पुढची गोष्ट ढकलायला, आणि गळ्यातली माया दाखवायची ती एखाद्याच जागी.

पुढे संस्कृत घेऊन पदवी, मग मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात नोकरी. शिक्षण जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा मोठ्या मंडळींकडे. रागदारीचा एवढा साठा असलेल्या माणसाने नाटकात तो सगळा ओतला असता तर कुणी नावं ठेवली नसती. परंपरा तीच होती की. 1880 च्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या घरात पदं. लोक गाणं ऐकायला यायचे, गोष्ट त्यांना पाठच असायची, वन्स मोअर पडत राहायचे आणि शकुंतला तपोवनातून निघता निघता पहाट व्हायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण 1932 ला मराठी बोलपट आला, दोन-अडीच तासांत गाण्यांसकट गोष्ट संपायला लागली आणि एकेक नाटक कंपनी बसत गेली. 1960 ला 'पंडितराज जगन्नाथ' आलं तेव्हा लोक पुन्हा संगीत नाटकाकडे वळले, आणि 1964 ला बुवांच्या चालींचं 'मत्स्यगंधा'.

'मत्स्यगंधा'त सत्यवतीच्या तोंडी 'गर्द सभोंती रान साजणी' आहे. नाटक वसंत कानेटकरांचं, पण ही कविता बालकवींची, आणि बालकवी तर 1918 लाच गेलेले. म्हणजे नाटकासाठी न लिहिलेली कविता, आणि ती गाणाऱ्या आशालता वाबगावकर. मैफली गाजवलेल्या गायिका नव्हेत त्या. आज पाच-सहा वेळा ऐकलं. चाल बाईंच्या गळ्याला कुठेही दटावत नाही. ज्या पट्टीत माणूस सहज बोलतो तिथून उठते, थोडी वर जाऊन बघते, परत येते. त्याच नाटकात रामदास कामतांच्या पराशराला 'गुंतता हृदय हे' आणि 'नको विसरू संकेत मीलनाचा' दिलंय, तिथे मात्र गळा आहे म्हटल्यावर मोकळं रान दिलंय. एकाच नाटकात दोन गळे, दोन मापं. शिंपी करतो तेच. मी मात्र सगळ्यांना माझ्याच मापाचा अंगरखा शिवत होतो.

(हे लिहिताना जरा लाज वाटली. वीस वर्षं हीच गाणी वाजवतोय आणि हे आज दिसलं.)

8 नोव्हेंबर

नायिकेचं गाणं कापलं. दुसरा अंतरा गेला. तार पंचम गेला, गंधारही गेला, षड्जाला नुसता हात लावून खाली. अडीच मिनिटं. तिने दोनदा गाऊन पाहिलं आणि म्हणाली, "आता मला काय बोलतेय ते कळतंय." दिग्दर्शक काही बोलला नाही, म्हणजे आवडलं.

तबल्यावरचे काका मात्र नाराज. "एक तान तरी ठेवायचीस रे."

10 नोव्हेंबर, उशिरा

आज दिवाणाच्या चालीवरून झोप उडाली, आणि दोष 'कट्यार'चा.

झालं असं की 7 तारखेला सुरू केलेलं ऐकणं पुढे चालू ठेवलं होतं. 'ययाति आणि देवयानी', 'हे बंध रेशमाचे' करत 'कट्यार काळजात घुसली'वर आलो. दारव्हेकरांचं नाटक, पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967 चा. यात 'घेई छंद मकरंद' दोनदा येतं. शब्द तेच. एक चाल पंडितजींची, दुसरी खाँसाहेबांची; नाटकातले हे दोन प्रतिस्पर्धी गवई. पेटी काढली आणि दोन्ही एकामागून एक वाजवून पाहिल्या.

पंडितजींची सालगवराळीत. हा राग बुवांनी कर्नाटक पद्धतीतून आणलेला. कोमल रिषभ, कोमल गंधार लागल्यावर बोटं सवयीने तोडी रागाकडे वळतात आणि धैवताशी आपटतात, कारण तो शुद्ध. मला चार वेळा अडखळायला झालं. चाल संथ आहे, विचार करत चालल्यासारखी. भुंगा फुलाभोवती फिरतोय आणि त्याला कसलीच घाई नाही.

मग खाँसाहेबांची. राग धानी. पाचच सूर: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पेटीवर हात ठेवताक्षणी वाटच सापडते, आणि लय अशी की भाता मारणारा हात मागे पडतो. खाँसाहेबांचं काम करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांचा गळा डोळ्यापुढे, नव्हे, कानापुढे. तोच भुंगा, पण आता फुलावर झडप घालतोय.

दोन्ही झाल्यावर पेटी बंद करून नुसता बसलो. जी गोष्ट इतकी वर्षं समोर होती ती अशी: खाँसाहेबांची चाल वाईट नाही. हलकी नाही, भडक नाही. नाटकात हा माणूस पंडितजींचं राजगायकपद मिळवतो, हवेली मिळवतो, एक खून माफ असलेली कट्यार मिळवतो, शिष्याला हाकलतो. सोपं होतं की त्याच्या गाण्यात थोडा दिखाऊपणा घालणं, चार कसरती भरणं, म्हणजे प्रेक्षकाला लगेच कळलं असतं कुणाच्या बाजूने टाळी वाजवायची. बुवांनी तसं केलं नाही. त्यांनी खाँसाहेबांना त्यांच्या जातीचं अस्सल गाणं दिलं. आणि म्हणूनच नाटक चालतं! पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव शेवटी खाँसाहेबांचीच विद्या मिळवायला धडपडतो, हे खरं वाटायला ती विद्या धडपडण्याच्या लायकीची असायला हवी. चाल जर खोटी असती तर सदाशिव मूर्ख ठरला असता आणि आपण घरी गेलो असतो.

आता माझा दिवाण. त्याच्या चालीत मी मुद्दाम अडखळता ठेका घेतलाय, मधे मधे बेसूर वाटतील असे सूर आणि शेवटी हसण्याची तान. तालमीत सगळे हसतात, मीही खूश होतो. पण हा माणूस संस्थान गिळतोय, राजा त्याच्यावर विश्वास टाकतोय, नायिकेचा बाप मुलगी द्यायला तयार होतोय. ज्याच्या गाण्यावरून पहिल्या मिनिटाला कळतं की हा लबाड, त्याच्यावर राजा विश्वास कसा टाकेल? राजा काय बहिरा आहे?

हसण्याची तान चांगली होती. काढताना वाईट वाटलं. काढली.

13 नोव्हेंबर

दिवाणाला नवी चाल लावली. खरं म्हणजे मी नायकासाठी जपून ठेवलेला मुखडा होता तोच त्याला दिला. धीम्या लयीत, आर्जवाने, जवळजवळ प्रार्थनेसारखा. दिवाणाचं काम करणारा बँकेतून थेट तालमीला येतो, शर्टच्या खिशात पेन तसंच. पहिल्या ओळीला तो जरा बिचकला, दुसऱ्या ओळीला त्याने डोळे मिटले. समेवर आला तेव्हा पलीकडे डबा खात बसलेल्या दोघीजणी थांबल्या. कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "राजाच्या प्रवेशाच्या आधी घेऊ हे." म्हणजे जागा बदलली, गाणं पुढे गेलं. काकांनी तबल्याच्या गट्ट्यावर हातोडी ठोकता ठोकता माझ्याकडे बघून मान हलवली. तानेचा विषय काढला नाही.

चहाच्या वेळी नायकाने मला कोपऱ्यात गाठलं.

"दादा, दिवाणाची चाल माझ्यापेक्षा भारी झालीय."

"हो."

"मग माझं काय?"

"तुझी परत लावतो."

"कधी?"

"उद्या."

उद्या म्हणालो खरं. घरी आलो तर मध्य सप्तकातला कोमल निषाद अडकतोय, दाबला की वर येत नाही. आधी पेटी उघडून ती पट्टी साफ करायला हवी. नायकासाठी जे काही डोक्यात घोळतंय त्याला तोच सूर लागतो.