तुम्ही विचारलंत म्हणून: काजळी कधी विरघळते का?

विज्ञान दिनाला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेबलावर एक छोटी बाटली ठेवते. आत पिकल्या जांभळाच्या रसासारखं द्रावण, शेजारी कागदावर चिमूटभर काळी पूड. बाटलीत ही पूडच आहे, वेगळा रंग घातलेला नाही, असं सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, ही तर काजळी. कोळसा कधी विरघळतो का?"

शंका रास्त आहे. ग्राफाइट किंवा हिरा आपल्या रोजच्या कुठल्याच द्रवात विरघळत नाही. साखर विरघळते तेव्हा तिचे रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू स्वतः मोडत नाही. हिऱ्यात सुटण्याजोगा वेगळा रेणूच नसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक अणूने शेजाऱ्याला धरलेलं असतं. माझ्या पुडीत आहे सी-६० हा फुलरीन: ६० कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा बंद गोळा. गोळ्याच्या आतले बंध भक्कम, पण दोन गोळ्यांमधली ओढ किरकोळ. म्हणून गोळे सुटे होऊ शकतात.

हा गुण नसता तर हा रेणू कदाचित बराच काळ कागदावरच राहिला असता. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली या रसायनशास्त्रज्ञांना तो सापडला, पण उपकरणातल्या वायूच्या झोतात. चिमटीत धरण्याइतकाही मिळाला नव्हता. १९९० मध्ये क्रॅट्श्मर आणि हफमन या भौतिकशास्त्रज्ञांच्या गटाने हेलियममध्ये ग्राफाइटची काजळी केली आणि ती बेंझिनमध्ये (सहा कार्बन अणूंच्या सपाट कड्याचा रेणू असलेल्या द्रवात) ढवळली. बेंझिन लाल झालं, बाकीची काजळी तशीच राहिली. गाळून बेंझिन उडवलं की उरतात ते फुलरीनचे स्फटिक. त्या लाल रंगाबद्दल वाचताना मला आजही भरून येतं.

मग कशात किती विरघळतो? पाण्यात जवळजवळ नाहीच. पाण्याचे रेणू एकमेकांना सोडून या गोळ्यासाठी जागा करत नाहीत. अल्कोहोल, ॲसिटोन यांतही नावापुरताच. पेट्रोलच्या जातीच्या हेक्झेन या द्रवात एका मिलिलिटरला साधारण ०.०४ मिलिग्रॅम. बेंझिनमध्ये दीडेक मिलिग्रॅम, बेंझिनचाच भाऊबंद असलेल्या टोल्युइनमध्ये पावणेतीनच्या आसपास, कार्बन डायसल्फाइडमध्ये आठेक. आणि बेंझिनसारखी दोन कडी जोडलेल्या क्लोरोनॅप्थॅलिनमध्ये चक्क पन्नासेक! हेक्झेनही पाण्यापासून फटकूनच राहतं, तरी त्यात इतका कमी. तेव्हा "सारख्यात सारखं विरघळतं" एवढं पाठ करून भागत नाही. बेंझिनच्या जातीची सपाट कडी गोळ्याच्या पृष्ठभागाला नीट बिलगतात, हे मुलांनी चित्र काढून पाहावं असं मला फार वाटतं. मी स्वतः टोल्युइन वापरते, तेही वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली. बेंझिनने कर्करोग होतो आणि कार्बन डायसल्फाइड जरा उष्णता लागली तरी पेटतं, म्हणून त्या दोघांना मुलांच्या जवळपास फिरकू देत नाही.

यापुढचा प्रश्नही ठरलेला: "गरम केलं तर जास्त विरघळेल ना?" साखरेच्या पाकाच्या सवयीने आपण तसंच धरून चालतो. मीही एम.एस्सी.ला असताना तळाशी राहिलेली पूड विरघळवायला बाटली कोमट पाण्यात धरली होती. पूड कमी होईना. टोल्युइनमध्ये सी-६० सर्वात जास्त विरघळतो तो सुमारे ७ अंश सेल्सिअसला. त्यापुढे तापवाल तसा कमी. त्या तापमानाच्या वर विरघळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून बाहेरून दिलेली उष्णता काम उलटं फिरवते. त्या तापमानाखाली घन सी-६० टोल्युइनचे रेणू स्वतःत घेऊन बसतो, आणि तिथे मात्र नेहमीचा नियम चालतो.

आमच्याकडे याचा पडताळा कपाटातच मिळतो. जानेवारीच्या गारठ्यात काठोकाठ संपृक्त केलेली, म्हणजे आणखी पूड विरघळणार नाही इतकी भरलेली, घट्ट बुचाची बाटली मे महिन्यात उघडायला घ्यावी, तर तळाशी बारीक काळे कण चमकत असतात.