‘तुमच्या हातची असेल तर’

घरात तांब्याचं गाळायचं भांडं आहे, उभी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून झाली, आणि गुळाला तर कोल्हापुरात तोटा नाही. मग एकदा घरी दारू का काढत नाही? हा प्रश्न मला रंकाळ्यावर सकाळी फिरताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. उद्यमनगरात नळी वाकवून घ्यायला गेलो तर लेथवरचा पोरगाही विचारतो. “सर, विकायची न्हाई ओ. आपल्यापुरती. एकच बाटली.” आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं, “तुमच्या हातची असंल तर आमी डोळं झाकून पिऊ.”

आजवर मी विषय बदलत आलो, नाहीतर ‘कायद्यात बसत नाही’ म्हणून सुटका करून घेतली. ते उत्तर खरं आहे, पण पुरं नाही, आणि विचारणाऱ्यालाही ते जाणवतं. म्हणून एकदा सगळं सांगतो.

कायद्याचं आधी उरकतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याच्या कलम 65 प्रमाणे दारू गाळणं तर गुन्हा आहेच, पण गाळण्याच्या हेतूनं भट्टी, भांडी, साहित्य जवळ ठेवणं हाही गुन्हा. विकायची की घरी प्यायची, हा फरक तिथं नाही. ‘आपल्यापुरती’ या शब्दाला कायद्यात जागा नाही. माझं भांडं वाळ्यासाठी आणि गवती चहासाठी आहे, आणि त्यात दुसरं काही कधी पडलेलं नाही. हे मी ठासून सांगतो, कारण मागं बऱ्याच जणांनी डोळा मारून विचारलंय.

तर वाळा. मुळ्या रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी भांड्यात भरायच्या, झाकणाची फट कणकेनं लिंपायची आणि मंद आच द्यायची. आपल्याकडं समुद्रसपाटीपासूनची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळं पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळायला लागतं. वाळ्याचं तेल जड असतं. एकटं उकळायचं म्हटलं तर फार उष्णता लागेल, पण वाफेच्या संगतीनं ते शंभराच्या आतच निघून येतं. नळीच्या तोंडाशी पहिले थेंब येतात त्यांना हिरव्या, ओल्या मातीचा कच्चा वास असतो. खोल, गोडसर वास यायला दुपार होते, आणि त्यासाठी घाई न करता बसावं लागतं. गवती चहाचं काम त्यामानानं झटपट, पाण्यावर पिवळ्या तेलाचा तवंग लगेच दिसतो. हे मला मनापासून आवडतं. नोकरीत रोज हजारो लिटर गाळलं, पण एका थेंबाचाही वास घ्यायची गरज पडली नाही.

आणि इथंच खरं बोलायला पाहिजे. मला दारू काढावीशी वाटते. फार वाटते.

डिस्टिलरीतली आमची सगळी हुशारी वास घालवण्यात होती. मळी यायची, ती आंबवायची आणि उंच कॉलममधून चढवत चढवत 95 टक्क्यांच्या वर न्यायची. प्यायच्या दारूसाठी जे ईएनए, म्हणजे वास-चव नसलेलं अतिशुद्ध अल्कोहोल, लागतं ते तर इतकं शुद्ध करायचं, की उसाची, मळीची, शिवाराची कसलीही खूण त्यात उरता कामा नये. वास उरला तर टँकर परत. मी ते काम चोख केलं. पण घरी येताना वाटेत गुऱ्हाळ लागायचं. चुलवाणावर काहील चढलेली, रस आटत आलेला, रानभेंडीनं रसातली घाण वर काढून बाजूला केलेली. तो वास नाकात गेला की वाटायचं, आपण दिवसभर नेमकं हेच फेकून देतो. हायड्रॉस, म्हणजे गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात ती पावडर, न घातलेला काळसर गूळ घ्यावा, सावकाश आंबवावा, साध्या तांब्याच्या भांड्यातून गाळावा आणि हा वास बाटलीत उतरतो का बघावं. तांबं गंधकाचा घाण वास धरून ठेवतं, म्हणून भांडं तांब्याचंच हवं. हे सगळं मी मनात इतक्यांदा केलंय, की वहीत त्याचा तक्तासुद्धा आहे.

गोव्यात काजूची फेणी परवाना घेऊन वाडीवाडीत गाळतात, आणि तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. न्यूझीलंडनं 1996 साली स्वतःपुरती घरी गाळायला मोकळीक दिली. म्हणजे हे काम मुळातच पापाचं आहे असं माझं म्हणणं नाही, आणि कधी नव्हतंही.

लोकांना वाटतं मी विषाला भितो. “पहिली धार टाकून द्या की, झालं,” असा सल्ला मला, या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, दिला जातो. गंमत म्हणजे आपल्याकडं मागणी पहिल्या धारेचीच असते, आणि परदेशातले हौशी लोक तीच टाकून देतात. पहिल्या धारेत अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असली नाकाला झोंबणारी द्रव्यं जास्त असतात, म्हणून ती काढून टाकणं चांगलंच. पण मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, 64.7 अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, 78 ला, म्हणून आधी सगळं मिथेनॉल येऊन जातं आणि मग चांगली दारू सुरू होते, असं काही नसतं. मिश्रणात ते सगळ्या धारांत विखरून येतं. आणि गुळाच्या आंबवणात ते जवळजवळ तयारच होत नाही. ते येतं फळांमधल्या पेक्टिनपासून, आणि तेही थोडं. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, ती कोणाची पहिली धार टाकायची राहिली म्हणून नव्हे. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. बहुतेक मोठ्या दुर्घटनांमागं हेच असतं.

म्हणजे रसायनशास्त्र माझ्या बाजूचं आहे. तरीही मी काढत नाही. का, ते आता सांगतो.

1990 च्या दशकातली गोष्ट. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा, होती. मी ड्यूटीमुळं गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलत्यांचा कारखान्यात फोन आला, की माझ्या धाकट्या चुलतभावाला कोल्हापुरात दवाखान्यात आणलंय, तू ये. मी पोचलो तेव्हा तो खाटेवर बसून होता, जोरजोरात श्वास घेत होता. सकाळपासून उलट्या, पोटात कळ. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाला, “दादा, समदं चुना मारल्यागत पांढरं दिसतंय.”

आदल्या रात्री त्याचा एक मित्र फौंड्रीतनं छोटा कॅन घेऊन आला होता. वाळूच्या साच्याला धातू ओतायच्या आधी लेप फासतात, त्या लेपात मिसळायचं स्पिरिट असतं. लेप दिला की पेटवून देतात, स्पिरिट जळून जातं आणि लेप सुकतो. त्या पोरानं ते रोज हाताळलेलं. स्पिरिट म्हणजे दारूच, फक्त कडक, अशी त्याची समजूत. त्यानं सगळ्यांसमोर चमचाभर पेटवून दाखवलं. धूर न होता निळसर जळलं. “बगा, एकदम शुद्ध.” मग पाणी घालून पहिला घोट त्यानंच घेतला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चुलत्यांनी पिशवीतनं कोल्ड्रिंकची बाटली काढली. तळाशी चार बोटं उरलं होतं. “तू ह्यातलाच हायस. वास घे आणि सांग, काय हाय ह्यात.”

मी बूच काढून वास घेतला. दोनदा घेतला. मला सांगता आलं नाही. कोणालाच सांगता येत नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल रंगानं एक, वासानं इतकी जवळ की पाणी घातल्यावर नाकाला फरक कळत नाही, आणि ज्योत दोघांचीही निळी. चुलते माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. माझ्या शिक्षणावर त्या घरानं एक म्हैस विकली होती.

डॉक्टर मात्र थांबले नव्हते. लक्षणांवरून त्यांनी ओळखलं होतं. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नसतं. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक अ‍ॅसिड, आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर जातं. याला वेळ लागतो, म्हणून माणूस रात्री नीट झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आंधळा होतो. उतारा म्हणजे इथेनॉल. यकृताचं एन्झाइम इथेनॉलला आधी धरतं, तेवढ्यात मिथेनॉल लघवीतून, श्वासातून, डायलिसिसमधून बाहेर काढायचं. त्या दिवशी दवाखान्यात औषधी इथेनॉल नव्हतं. कोणीतरी दुकानातनं व्हिस्की आणली. डॉक्टरांनी मला विचारलं, “बाटलीवर 42.8 आहे. किती पाणी घालायचं, हिशेब करून द्याल?” तो हिशेब मी केसपेपरच्या मागच्या बाजूला केला. माझ्या सगळ्या ज्ञानाचा उपयोग त्या दिवशी एवढाच झाला. नाकातनं घातलेल्या नळीतून व्हिस्की जाऊ लागली तेव्हा चुलती दारात उभी होती. ती किंचाळली, “परत दारूच पाजताय व्हय माझ्या पोराला?” तिला समजावणारं माणूस आमच्यात एकही नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. 

रात्री ती बाटली घेऊन मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो. नमुन्यात परमँगनेट घातलं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं त्याचा रंग उडवला, मिथेनॉल असेल तर जांभळं होणारं शिफचं द्रावण घातलं आणि थांबलो. नळीत जांभळा रंग चढत गेला. आमच्या स्पिरिटला कधीकाळी आली तर पुसटशी छटा यायची. हा रंग इतका गडद होता की नळीच्या पलीकडचं दिसेना. सकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. कॅन आणणारा पोरगा तोवर गेला होता. माझा भाऊ वाचला. त्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही दिसत नाही.

त्या पोराला मी कधी दोष देऊ शकलो नाही. त्यानं फसवलं नव्हतं, पैसे घेतले नव्हते, आधी स्वतः प्यायला होता. आणि बाकीचे प्यायले ते त्याच्यावर विश्वास होता म्हणून. आपला माणूस आहे, त्याला यातलं कळतं, त्यानं तपासून बघितलंय. तुम्ही मला जे म्हणता तेच ते त्याला म्हणाले असणार. म्हणून ते डोळे झाकून पिण्याचं वाक्य माझ्यासमोर आलं की मी उठून जातो. तुम्हाला तो मान वाटतो. मला नको आहे.

डिस्टिलरीत माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती, आणि ते चांगलं होतं. टाकीला दोन कुलुपं, एक आमचं, एक राज्य उत्पादन शुल्क खात्याचं. खात्याचा माणूस तिथंच बसलेला. नमुना, नोंद, सही. मी कितीही मोठा केमिस्ट असलो तरी ‘मी सांगतो, चांगली आहे’ एवढ्यावर एक लिटर बाहेर जात नव्हतं. घरी माझ्या शब्दापलीकडं काहीच नसेल. आणि माझ्या बाटलीचं कौतुक ऐकून कोणी पाहुणा उद्या आपल्या पोरांना म्हणेल, “घरी काढलेली काय वाईट नसते, सरसुद्धा काढतात.” तो कुठनं काय आणेल, हे मला कळणारही नाही.

हे लिहिताना माझ्याच आत एक माणूस वाद घालतोय, तिशीतला मी. तो म्हणतो, हे तर्काला धरून नाही. विष भट्टीतनं आलं नव्हतं, फौंड्रीतनं आलं होतं. उलट जाणत्या माणसानं नीट गाळलेली दारू लोकांना मिळाली असती तर त्या पोरांनी कॅनला हात लावला नसता. तुझी भीती अज्ञानावर औषध नाही. त्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही. दारूच्या वाफेला गॅसची ज्योत लागण्याचा धोका मी त्याच्यापुढं मांडतो. तो म्हणतो, विजेची शेगडी घे.

आणि भाऊ तर त्याच्याच बाजूचा. आता तो गावात गिरणी चालवतो, पीठ हाताला लागलं की जाड की बारीक सांगतो. दर म्हाईला तो मला म्हणतो, “दादा, तू काढ एकदा. त्याला ठावं नव्हतं, तुला ठावं हाय. तुमचा दोघांचा हिशेब एकच कसा?” चुलती तिथंच बसलेली असते. ती काही बोलत नाही, पण ताट उचलून आत जाते. मी दोघांपैकी कोणाचं ऐकतो ते मला ठरवता येत नाही.

उद्या सरकारनं स्वतःपुरतं गाळायला परवाना द्यायचं ठरवलं, नमुना तपासून घ्यायची अट घातली, तर मी अर्ज करीन. गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा घ्यायचा तेही ठरलेलं आहे. पण ती बाटली दाराबाहेर जाऊ देईन का, भावाच्या हातात पेला देईन का, हे आज सांगता येत नाही. आणि कोणाला द्यायचीच नसेल तर काढायची कशाला, हेही कळत नाही.