जमीन लागणे

बेचाळिसावा दिवस. रात्रीचे पावणेतीन.

आज संध्याकाळी मी बारक्याच्या गुडघ्याला घाबरून पळाले.

लिहिल्यावर विनोदी वाटतंय. तेव्हा नव्हतं.

सगळे टेबलाशी बसलो होतो. आई तिच्या खुर्चीत, भिंतीकडच्या बाजूला. दादा नेहमीसारखा फोनमध्ये. बारका गणितं सोडवत होता, आणि गणित अडलं की तो पाय हलवतो, लहानपणापासून. त्यात या टेबलाचा एक पाय भूकंपाच्या मोठ्या धक्क्यापासून डुगडुगतो. मधोमध पाण्याचा ग्लास होता. मी हल्ली कुठेही बसले तरी आधी पाणी कुठे आहे ते बघते, आणि मग तिथेच बघत राहते. पाण्यावर बारीक गोल उठले. एक, मग त्याच्या आत दुसरा.

त्यानंतरचं थेट जिन्यातलं आठवतंय. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी उभी, अनवाणी, हातात बारक्याचं खोडरबर. ते कधी उचललं, देव जाणे. वरून कसलाच आवाज नाही. कुणी मागून येत नाही. दिवा स्थिर, कठडा स्थिर. फक्त माझंच काळीज हलत होतं.

वर गेले. सगळे होते तिथेच बसलेले. बारका म्हणाला, "आत्या, माझा पाय होता."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मीही हसले असते आणि विषय संपला असता. वहिनीने माझ्यासमोरचा ग्लास उचलून ओट्यावर ठेवला, फार हळू, आजाऱ्याच्या उशाचं काही उचलावं तसा. आई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती.

त्या दिवशी मी आईला ओढून टेबलाखाली घेतलं होतं. ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे, कारण आई ती येईल त्याला सांगते. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ आठवडाभर होते, तेही ती बाही वर करून दाखवायची. "पोरीने सोडलं नाही मला." मी आपली मान खाली घालून बसायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बेचाळीस दिवसांत स्वतःबद्दल बरं वाटावं असं तेवढंच एक होतं माझ्याकडे.

आणि आज आईची खुर्ची एका बाजूला चार पावलांवर, दार दुसऱ्या बाजूला सहा पावलांवर, आणि मी दाराकडे गेले. तिचे गुडघे असे. तिला हाताला धरल्याशिवाय उठता येत नाही, हे मला माहीत असून. माझ्या डोक्यात ती आलीच नाही. खोडरबर आलं.

बरं, पळायचं नसतं हे या घरात सगळ्यांना शिकवलं कुणी? मीच. हलत असताना धावायचं नाही. खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा आणि टेबल सरकेल तसं आपणही सरकायचं. दारातून बाहेर पडतानाच वरून काचा, विटा, गिलावा अंगावर येतो. जिना तर सगळ्यात वाईट. बारक्याने हे सगळं वहीच्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय आणि वर मथळा दिलाय, 'आत्याचे नियम'. पाचवा नियम चपलांचा. प्रत्येकाच्या चपला आणि बॅटरी पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधलेल्या, म्हणजे रात्री धक्क्याने त्या खोलीभर पळणार नाहीत आणि फुटलेल्या काचांवर अनवाणी पाय पडणार नाही. गाठी मी स्वतः मारल्यात. आणि मी अनवाणी होते.

मोठा धक्का आला तेव्हा विचार करायला वेळच नव्हता, म्हणून मी आईला धरलं असेल. आता विचार करायला दिवसरात्र वेळ आहे आणि त्याचा हा परिणाम. की उलटं? तेव्हाचीच मी चुकून घडले होते आणि आजची खरी? यावर गेले पाच तास मी फिरतेय. या प्रश्नाला धरायला पाय नाही.

झोप येत नाही म्हणून फोनवर वाचत बसते. दादा म्हणतो वाचू नकोस. वाचलं नाही तर भिंतीतली भेग बघत बसते, त्यापेक्षा वाचलेलं बरं. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातलीये आणि मधोमध एक काचेची पट्टी आडवी चिकटवलीये. भेग वाढली तर काच तडकते. अजून तडकलेली नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी ती बघते. (बाबांचा फोटो त्याच भिंतीवर होता. तो अजून कपाटात पालथाच आहे. त्याबद्दल आज नको.)

तर वाचलेलं. ओमोरी नावाचे एक जपानी शास्त्रज्ञ होते. 1891 मध्ये तिकडे नोबीचा मोठा भूकंप झाला, त्यानंतरचे धक्के मोजून त्यांनी 1894 मध्ये एक नियम मांडला. मागून येणारे धक्के दिवसांच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातात. म्हणजे ढोबळ मानाने दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहाव्या हिश्श्याइतके, शंभराव्या दिवशी शंभराव्या हिश्श्याइतके. सव्वाशे वर्षं झाली तरी लोक अजून हाच नियम थोडाफार दुरुस्त करून वापरतात. वाचून मला पहिल्यांदा जरा धीर आला. या सगळ्याला काही रीत आहे, हे काही कुणाच्या मनात येईल तसं चाललेलं नाही.

लगेच हिशोब मांडला. पहिल्या दिवशी आम्ही मैदानात बसून साठ धक्के मोजले होते, मग मोजायचे सोडून दिले. साठ भागिले बेचाळीस. आजच्या वाट्याला साधारण दीड धक्का येतो.

एक पहाटे पाचला आला. अर्धा बारक्याने दिला.

पण या नियमात एक खोट आहे, आणि ती कळल्यापासून धीर परत गेला. धक्के *कमी* होतात, पण *लहान* होत जातील असं कुणी म्हटलेलं नाही. संख्या घटते. मोठा यायची शक्यताही तशीच घटत जाते, पण संपत नाही, आणि आलाच तर तो आता मी थकलेय म्हणून हळू येणार नाही. आणखी एक ठोकताळा आहे, बोथ या स्वीडिश शास्त्रज्ञाचा. मागून येणाऱ्या धक्क्यांतला सगळ्यात मोठा हा मुख्य धक्क्याहून साधारण 1.2 ने कमी असतो. मुख्य 7 चा तर तो 5.8 च्या आसपास. पण ही झाली सरासरी. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ 4 सप्टेंबर 2010 ला 7.1 चा झाला, लोक सावरले, आणि जवळजवळ सहा महिन्यांनी 22 फेब्रुवारी 2011 ला भर दुपारी 6.3 चा आला. आकडा लहान, पण शहराच्या अगदी पोटाशी आणि उथळ. 185 माणसं गेली. कुमामोतोचं तर मी दोनदा वाचून फोन पालथा घातला. 14 एप्रिल 2016 च्या रात्री 6.5 चा झाला. सगळ्यांना वाटलं हाच मोठा. साधारण 28 तासांनी 7.3 चा आला, तेव्हा कळलं की पहिला नुसती वर्दी द्यायला आला होता. मधल्या वेळात काही जण घरी परतले होते.

मोठा होऊन गेला की व्हायचा आहे, हे मोठा होऊन गेल्यावरच कळतं. रात्री तीन वाजता असलं वाक्य डोक्यात ठेवून माणसाने कूस कशावर बदलायची?

दादाला झोप लागते. वहिनीला लागते. समोरच्या इमारतीतली माणसंसुद्धा, ज्यांच्या दारावर... जाऊ दे. सगळ्यांना लागते. मलाच काय झालंय? एकाच घरात, एकाच जमिनीवर, तेच धक्के खाऊन बाकीचे माणसात आले आणि मी एका ग्लासवर नजर ठेवून बसलेय. मला कुणी विचारत नाही असंही नाही, विचारतात, पण विचारताना आवाज असा करतात की उत्तर द्यायला नको वाटतं. आधी मी घरातली खंबीर होते. आता मी घरातली सांभाळायची वस्तू आहे, कपाटातून काढून खाली जमिनीवर ठेवलेल्या काचसामानासारखी.

हे लिहून वाचलं. फारच झालं. काचसामान काय!

मला जे होतंय त्याला एक नाव मात्र आहे, तेही वाचनातच सापडलं. जपानीत त्याला 'जिशिन-योई' म्हणतात. जिशिन म्हणजे भूकंप, योई म्हणजे नशा, गरगर, गाडीत बसल्यावर होतं ते. कानाच्या आत चुन्याचे अगदी बारीक कण असतात, त्यांच्या सरकण्यावरून मेंदूला तोल कळतो. सारखं हलून हलून त्या यंत्रणेचा आणि डोळ्यांचा मेळ बिघडतो. वरून भीती. मग जमीन स्थिर असली तरी शरीर म्हणतं, हलतंय. आपल्याकडे एखाद्याला गाडी लागते, कुणाला बोट लागते. मला जमीन लागलीये. गाडी लागली की उतरता तरी येतं.

दादाला हे संध्याकाळी सांगितलं, पळण्याचं स्पष्टीकरण म्हणून. तो म्हणाला, "मग खिडकीशी बस, समोर लांब बघ." गाडी लागणाऱ्याला सांगतात तेच. तो चेष्टा करत नव्हता, म्हणून मला जास्त हसू आलं. दिवसातलं पहिलं.

खरं तर घरात हसणं अगदीच बंद नाही. धक्क्याचा आकडा ओळखायचा खेळ तिसऱ्या आठवड्यापासून चालू आहे. हललं की आधी सगळे गप्प, थांबलं की चौघंही एकदम बोलतात, "साडेतीन!" "चार!" "चार पॉइंट दोन!" मग दादाच्या फोनवर आकडा येईपर्यंत थांबायचं. बारका जिंकतो. त्याला आधीची ठोकर आणि नंतरचं डोलणं यातलं अंतर मोजायला मीच शिकवलं. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यातलं मोजतात ना, तसंच. पहिली लाट वेगाने येते, खालून ठोसा दिल्यासारखी. दुसरी मागून, आडवी हलवणारी. दोन्हींमधले सेकंद गुणिले आठ, साधारण तेवढे किलोमीटर. दोन सेकंद तर सोळा किलोमीटर. पोरगं भर धक्क्यात टेबलाखाली बसून "एक, दोन" मोजतं. त्याची भीती मोजण्यात जाते. माझी पाण्यात.

आईने मात्र त्या खेळात कधी भाग घेतला नाही. तिचं म्हणणं, आकडा कळून काय करायचंय, भांडी पडली का ते सांगा.

आणि आता जे लिहायला बसले होते ते.

निजानीज व्हायच्या आधी आईने दादाला हाक मारली आणि तिची खुर्ची दारापाशी हलवायला लावली. भिंतीकडची जागा सोडून, अगदी उंबऱ्याला लागून. का, ते सांगितलं नाही. दादानेही विचारलं नाही. आम्ही तिघींनीही विचारलं नाही, म्हणजे वहिनीने, मी आणि तिने स्वतः. मी तिच्या पलंगाखालची पिशवी तपासत होते, गाठ घट्ट आहे का, तर वरून म्हणाली, "आता पळशील तेव्हा मी वाटेतच असेन."

मी वर बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

हे बोलणं कसलं होतं? टोमणा होता की सोय होती? तिला असं म्हणायचं होतं का, की तू मला विसरणार हे मी धरून चाललेय, तर निदान तुझ्या पायात येऊन पडते? की पळालीस तरी चालेल बाई, मी माझी जागा बदलते, तू तुझा जीव बदलू नकोस? आईच्या बोलण्यात हे दोन्ही एका वेळी असू शकतं. चाळीस वर्षं ऐकतेय, अजून सुटं करता येत नाही.

माफी मागायला हवी होती. 'आई, मला तू आठवली नाहीस' हे वाक्य तोंडातून निघेना. तिला ते माहीतच आहे, म्हणून तर खुर्ची हलली.

एक गोष्ट मात्र आत्ता, हे लिहिताना लक्षात आली. खुर्ची तिथे ठेवल्यामुळे दार अर्धंच उघडतं. मोठ्या धक्क्यानंतर चौकट तिरकी होऊन हेच दार अडकून बसलं होतं, दादाने खांदा लावून उघडलं होतं, नंतर रंधा मारून घेतला. आणि आता आम्ही स्वतःच्या हाताने त्याच्या आड खुर्ची लावून निजलोय. नियम क्रमांक तीन, बाहेरची वाट मोकळी ठेवा.

उठले. अंधारात खुर्ची वीतभर बाजूला सरकवली. उचलायला हवी होती, ओढली. पाय फरशीवर घासून मोठ्ठा घर्रर आवाज झाला.

आतून दादा ओरडला, "हललं का?"

"खुर्ची," म्हटलं.

जरा वेळ शांतता. मग आईच्या पलंगावरून, झोपेत की जागेपणी कोण जाणे, आवाज आला, "साडेतीन."